चव कोठे गेली?

नवी मुंबईतील वाशी येथे मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीचे विस्तीर्ण आवार आहे. त्यातील मसाला बाजारात मिरची, धने, हळद, वेलदोडे यांची उलाढाल चालते. तेथे माल डोळ्यांइतकाच नाकानेही पारखला जातो. कोविडच्या साथीत संसर्ग रोखण्यासाठी ११ ते १७ मे २०२० या काळात हा बाजार बंद ठेवावा लागला. वाशीतीलच सिडकोच्या प्रदर्शन केंद्रात रुग्णालय उभारण्यात आले. पुढच्याच महिन्यात, १३ जून २०२० रोजी, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने वास अथवा चव जाणे हे या रोगाच्या लक्षणांत समाविष्ट केले. ताप नाही, खोकला नाही, आणि ताटातील आमटी मात्र पाण्यासारखी लागते, असा अनुभव तोवर जगभर पुष्कळांना आला होता.

आपल्याकडे आजाऱ्याच्या ‘तोंडाला चव नाही’ असे सर्रास म्हणतात. या एका वाक्प्रचारात दोन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. तापात अन्नावरची वासना उडते. ती अरुची होय. घास तोंडात असूनही तो कशाचा आहे हे न कळणे ही गोष्ट वेगळी. येथे प्रस्तुत आहे ती ही दुसरी.

जिभेवरील रुचिकलिकांना गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसरसादी पदार्थांतील ‘उमामी’ एवढ्याच मूळ चवी ओळखता येतात. आयुर्वेदाच्या षड्रसांत तिखट आहे (तेथे त्याचे नाव ‘कटु’, आणि कडूचे ‘तिक्त’, म्हणून वाचकाचा घोटाळा होतो); परंतु आधुनिक शरीरशास्त्र तिखटास चव मानीत नाही. मिरचीची आग ही दाह व वेदना कळविणाऱ्या ज्ञानतंतूंची वार्ता आहे. मग जिरे, हिंग, कोथिंबीर, आंबा यांचा स्वाद कोण ओळखतो? तो नाक ओळखते. घास चावताना सुटणारा गंध घशाच्या मागील बाजूने नाकात चढतो आणि मेंदू त्याची गणना चवीतच करतो.

याची प्रचीती वर्गात घेता येते. चिमूटभर साखरेत थोडी वेलदोड्याची पूड मिसळावी. विद्यार्थ्याने नाक चिमटीत धरून ती जिभेवर ठेवली असता त्याला केवळ गोडी कळते. चिमटी सोडताच वेलदोडा एकदम प्रकट होतो. मुलांना याची मौज वाटते, आणि धडा मात्र कायमचा ठसतो.

पडशात नाक चोंदल्यामुळे गंध आत पोहोचत नाही, म्हणून जेवण मिळमिळीत लागते. कोविडमध्ये पुष्कळदा नाक मोकळे असूनही वास जातो. नाकाच्या वरच्या भागातील गंधपेशींभोवती त्यांना आधार देणाऱ्या पेशी असतात. विषाणूस पेशीत शिरण्यास जे द्वार लागते ते मुख्यत्वे या आधारपेशींवर आढळते. आधार कोसळला की गंधपेशींचे कामही थांबते. काही रुग्णांस तर मीठ-साखरेची चव आणि मिरचीचा दाहही कळेनासा झाला. म्हणजे विकार नेहमी नाकापुरताच राहिला असे नाही. २०२१च्या अखेरीस पसरू लागलेल्या ओमायक्रॉन प्रकारात हे लक्षण पुष्कळ कमी आढळले. तेव्हा चव शाबूत आहे एवढ्यावरून रोग नाही असे ठरविता येत नाही.

शाळेत या प्रश्नाला निराळे महत्त्व आहे. लहान मूल ‘माझा वास गेला’ असे म्हणत नाही. ते खिचडी पांचट आहे म्हणून ताट सारते, आणि आपण त्याला खोडकर ठरवितो. इतर मुले तीच खिचडी आवडीने खात असतील तर त्या मुलाला चार प्रश्न विचारणे इष्ट. दुसरी बाब अधिक गंभीर आहे. पोषण आहार मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने चाखून पाहावा असा नियम आहे. आंबलेली डाळ, खवट तेल, औषध-फवारणीचा वा रॉकेलचा दर्प हे सारे प्रथम नाकाला कळते. ज्याचा वास गेला आहे त्याने चाखून दिलेली संमती ही संमतीच नव्हे. अशा शिक्षकाने संकोच न करता ते काम दुसऱ्याकडे सोपवावे. स्वयंपाक करणाऱ्या बाईंनाही हेच लागू आहे. शिवाय स्वयंपाकाच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम घातलेला दुर्गंध त्यांना जाणवणार नाही, हा धोका वेगळाच.

बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परत येतो, कारण आधारपेशी पुन्हा तयार होतात. काहींना मात्र महिनोगणती वाट पाहावी लागते. जर्मनीतील थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये गंधाच्या सरावाची रीत प्रसिद्ध केली. गुलाब, लवंग, लिंबू व निलगिरी हे चार गंध सकाळ-संध्याकाळ, लक्षपूर्वक, सुमारे बारा आठवडे हुंगावयाचे. खर्च नाही, अपायही सहसा नाही. चिकाटी तेवढी हवी. परतीच्या वाटेवर काहींना परिचित गंध विकृत भासतात: परतलेला कांदा कुजका वाटतो, कॉफी जळकी. त्या दिवसांत चांगले अन्न नासले म्हणून टाकून देण्याचीही चूक घडते, तेव्हा पातेले उपडे करण्यापूर्वी शेजारच्या वर्गातील शिक्षकास चाखावयास बोलवावे.