पेन्शनवर स्पेनमध्ये राहता येईल का? सायवनच्या गुरुजींचा हिशेब

निवृत्तीनंतर स्पेन, पनामात स्वस्तात राहा, असे व्हिडिओ मोबाइलवर सतत दिसतात. डहाणू तालुक्यातील सायवनसारख्या गावातून निवृत्त होणाऱ्या गुरुजींना हे परवडेल का? समजून घेऊया.

अट काय?
नोकरी न करता स्पेनमध्ये राहण्याच्या व्हिसासाठी दरमहा 2,400 युरोंचे उत्पन्न दाखवावे लागते. जोडीदार सोबत असल्यास आणखी 600. युरो 100 रुपयांचा धरला तरी दोघांसाठी महिना तीन लाख रुपये झाले. खासगी आरोग्य विमा वेगळा. पनामातही भाषा स्पॅनिशच. तिथे किमान 1,000 डॉलरची आजीवन पेन्शन लागते, म्हणजे 85 हजार रुपयांहून अधिक.

हाती किती?
1 नोव्हेंबर 2005 पूर्वी नेमणूक झालेल्या जिल्हा परिषद शिक्षकाची पेन्शन शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी असते. मूळ वेतन 80 हजार असेल, तर 40 हजार. महागाई वाढ धरून साठ-पासष्ट हजार. म्हणजे पनामाचीही अट पूर्ण होत नाही. कारखान्यातील कामगाराची किमान ईपीएस पेन्शन तर अवघी 1,000 रुपये आहे.

मुलांकडे राहायला गेल्यास?
पेन्शन बंद होत नाही. मात्र दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावाच लागतो. परदेशात तो भारतीय दूतावासातून करून घेता येतो. दाखला चुकला, तर पेन्शन थांबते. म्हणून निघण्यापूर्वी बँकेत किंवा कोषागारात पद्धत विचारून घ्या.

आणखी एक लक्षात ठेवा: महागाई वाढ इथल्या भावांवर ठरते, तिथल्या घरभाड्यावर नाही.