संघप्रवेशापूर्वीचा ग्रामविकास निधी आणि आपल्या गावास त्यापासून मिळणारा बोध

भिवंडी तालुक्यातील भातशेतकरी पावसाची वाट पाहत स्वस्थ बसत नाही. मृगापूर्वीच तो राब भाजतो, खाचरांचे बांध दुरुस्त करतो आणि बियाण्याची तजवीज करून ठेवतो. पाऊस सर्वांच्या शेतावर पडतो. परंतु फुटक्या बांधाच्या खाचरात पाणी ठरत नाही. विकासाच्या निधीचेही असेच आहे. निधी मंजूर होणे निराळे आणि तो गावात पोहोचून त्याचे काम उभे राहणे निराळे. याचे एक बोधप्रद उदाहरण युरोप खंडात घडले. ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधूंनी ते समजून घेणे उपयुक्त होईल.

योजनेची आवश्यकता

युरोपीय संघ हा अनेक स्वतंत्र राष्ट्रांचा संघ आहे. त्याच्या सभासद देशांत शेतमालाची बाजारपेठ एकच असून मालाच्या शुद्धतेचे व स्वच्छतेचे नियमही समान आहेत. १९८९ नंतर पूर्वेकडील देशांनी या संघात येण्याची इच्छा दर्शविली. तेथे शेतीवर अवलंबून असलेले लोक पुष्कळ होते; दूध संकलन केंद्रे व मांस प्रक्रिया केंद्रे मात्र जुनाट होती. तशाच स्थितीत हे देश संघात आले असते, तर त्यांच्या शेतकऱ्यांचा बराच माल नियमांत न बसून बाजाराबाहेर राहिला असता. म्हणून प्रवेशापूर्वीच त्यांची तयारी करून घेण्याचे ठरले. त्यासाठी २००० ते २००६ या काळाकरिता ‘सापार्ड’ नावाची योजना आखण्यात आली. पोलंड, हंगेरी, रुमानिया, बल्गेरिया इत्यादी दहा देश तीत होते. संघाकडून दरवर्षी सुमारे ५२ कोटी युरो देण्याची तरतूद होती. प्रत्येक देशाचा वाटा ठरविताना शेतीवरील लोकसंख्या, शेतजमिनीचे क्षेत्र व दरडोई उत्पन्न या गोष्टी विचारात घेण्यात आल्या. सर्वांत मोठा वाटा पोलंडच्या पदरी पडला.

निधीची विभागणी

हा निधी म्हणजे केवळ देणगी नव्हती. ज्या कामापासून उत्पन्न मिळावयाचे, त्याच्या खर्चापैकी साधारणतः निम्म्यापर्यंतच सरकारी साहाय्य मिळे. उरलेला खर्च लाभधारकाने करावयाचा असे. सरकारी साहाय्यापैकी पाऊण हिस्सा संघाचा व पाव हिस्सा त्या त्या देशाचा असे. आपल्या हिशेबाने सांगावयाचे तर, चार लाख रुपयांच्या कामास दोन लाखांचे साहाय्य मिळेल; त्यांपैकी दीड लाख संघ देईल व पन्नास हजार त्या देशाचे सरकार देईल. शिवाय लाभधारकाने सर्व खर्च प्रथम स्वतः करावयाचा, बिले सादर करावयाची आणि तपासणी झाल्यावर साहाय्य घ्यावयाचे, असा नियम होता. त्यामुळे ज्यांच्याजवळ भांडवल नव्हते व ज्यांना बँकेचे कर्ज मिळत नव्हते, अशा लहान शेतकऱ्यांना योजनेचा लाभ घेणे कठीण गेले. ही उणीव लक्षात घेण्यासारखी आहे.

विलंब आणि हानी

संघाची दुसरी अट अशी की, प्रत्येक देशाने अर्ज तपासणारी व पैसे देणारी स्वतंत्र यंत्रणा उभारावी, तिची हिशेबपद्धती तपासली जावी आणि मान्यता मिळाल्यावरच निधी द्यावा. योजना २००० साली सुरू झाली. पण त्या वर्षी एकाही देशाची यंत्रणा सिद्ध नव्हती. पहिली मान्यता बल्गेरियास मे २००१ मध्ये मिळाली, तर हंगेरीस ती मिळण्यास २००२ साल उजाडले. निधी तयार होता, गरजही होती. अडले ते केवळ दप्तरापाशी.

मान्यता मिळाली म्हणजे काम संपले असे मात्र नाही. मान्यता प्रथम मिळविणाऱ्या त्याच बल्गेरियाचे हप्ते गैरव्यवहारांच्या संशयावरून २००८ मध्ये संघाने रोखून धरले. दोष थोड्यांचा, परंतु ज्यांनी नियमाप्रमाणे खर्च केला होता, त्या प्रामाणिक शेतकऱ्यांनाही ताटकळावे लागले.

तरीही योजना वाया गेली असे नाही. दहांपैकी आठ देश २००४ मध्ये व उरलेले दोन २००७ मध्ये संघात दाखल झाले. त्यानंतरच्या इच्छुक देशांसाठी २००७ पासून ‘इपार्ड’ ही योजना त्याच धर्तीवर सुरू करण्यात आली. तीत तुर्कस्तान, उत्तर मॅसिडोनिया व क्रोएशिया यांचा समावेश होता. क्रोएशिया पुढे २०१३ मध्ये संघाचा सभासद झाला.

आपल्या गावाशी संबंध

भिवंडीचा शेतकरी कोठल्याही संघात जावयाचा नाही. परंतु मोठी बाजारपेठ त्याच्या दाराशी आली आहे. नाशिक महामार्गालगत गोदामे उभी राहिली, आणि शहराभोवतालच्या ६० गावांचे नियोजन २००७ पासून मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आले. जी शेती उरली आहे, तिला या बाजारासाठी सज्ज व्हावयाचे तर निधी हवा. आणि त्या निधीच्या अटी वरील अटींसारख्याच आहेत. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळाकरिता ग्रामपंचायतींना जे अनुदान ठरविले, त्यातील ६० टक्के रक्कम स्वच्छता व पाणी या कामांसाठीच राखून ठेवली, आणि हिशेब संगणकावर वेळेवर नोंदविणे ही अनुदानाची अट घातली. कृषियंत्रांच्या अनुदानातही पूर्वसंमती मिळण्याआधी यंत्र खरेदी करणारा शेतकरी अनुदानास मुकतो.

यास्तव पुढील गोष्टींकडे लक्ष पुरवावे :

१. ग्रामपंचायतीचे हिशेब वर्षअखेरीची वाट न पाहता दरमहा पूर्ण करावेत व लेखापरीक्षणातील आक्षेपांची पूर्तता त्वरित करावी.

२. विकास आराखडा ग्रामसभेत वाचून दाखवावा व कामांचा क्रम तेथेच ठरवावा.

३. शेतकऱ्याने सातबारा, बँक खाते व आधार यांवरील नावे एकसारखी आहेत काय, हे अर्जापूर्वी पाहावे. पूर्वसंमती हाती आल्यावरच खरेदी करावी व पक्की बिले जपून ठेवावीत.

४. स्वतःच्या हिश्शाच्या रकमेची सोय आधी करावी. ज्यास एकट्याने ते शक्य नाही, त्याने सहकारी संस्थेमार्फत कर्जाची अथवा गटाने यंत्र घेण्याची वाट धरावी. या कामी कार्यकर्त्याने त्यास सर्वांत अधिक साहाय्य केले पाहिजे. कारण पोलंड असो वा पडघा, निधीवाचून राहतो तो बहुधा लहान शेतकरीच.

पावसापूर्वी बांध घालण्याची रीत भिवंडीच्या शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको. तीच रीत दप्तरास लावली, म्हणजे आलेला निधी गावातच मुरेल.