जुना टेपरेकॉर्डर आणि थकलेले ट्रान्झिस्टर

आमच्या एका पालकांकडे त्यांच्या आजीच्या आवाजातील ओव्यांचे रीळ आहे, पण ते वाजवायला घरी यंत्र नाही. रिळाची टेप कॅसेटच्या यंत्रात बसत नाही. शाळेच्या विज्ञान मंडळाच्या कपाटात खांद्याला अडकवायचा, सेलवर चालणारा रिळांचा एक टेपरेकॉर्डर बरीच वर्षे पडून होता. पश्चिम जर्मनीत १९६१ मध्ये निघालेला ऊहर ‘४००० रिपोर्ट’ हा या जातीचा नावाजलेला नमुना. आमचे यंत्र त्याच पठडीतले. पट्टा नवा घातला, रीळ फिरू लागले; पण आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा, आणि वर सतत खरखर.

त्या काळच्या यंत्रांत बहुधा जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर असत. सिलिकॉनचे नंतर सर्रास झाले. जर्मेनियममधून बंद अवस्थेतही थोडा प्रवाह गळतो. वय आणि उष्णता यांनी ही गळती वाढते व तीच खरखर होऊन ऐकू येते. आपल्याकडच्या वैशाखात तर विचारूच नका!

दोषी कोण, हे कसे ओळखावे? आवाजाचे बटण कमी केल्यावर खरखरही कमी झाली, तर दोष बटणाच्या आधीच्या भागात असतो. आमचा तसाच निघाला. मग स्पिरिटचा बोळा एकेका ट्रान्झिस्टरला लावला (सोल्डरिंगची सळई अर्थातच दूर ठेवून). पहिल्याच ट्रान्झिस्टरला गारवा लागताच खरखर ओसरली. सुरुवातीची खरखर पुढचे सगळे टप्पे वाढवत नेतात, म्हणून या जागेचा दोष सर्वांत जास्त जाणवतो.

येथे आम्ही घाई केली. जुना ट्रान्झिस्टर पीएनपी जातीचा, म्हणून त्याच जातीचा सिलिकॉनचा बीसी ५५९ बसवला आणि कळ दाबली. खरखर गेली, पण आवाजही फाटका झाला. कारण साधे होते. जर्मेनियमला बेस व एमिटर यांमध्ये सुमारे ०.२ ते ०.३ व्होल्ट पुरतात, सिलिकॉनला ०.६ ते ०.७ लागतात. बेसला दाब पुरवणाऱ्या रोधांपैकी एक बदलला, कलेक्टरवरचा दाब मोजून पाहिला, तेव्हा आवाज सरळ झाला.

बाकीच्या ट्रान्झिस्टरांना आम्ही हात लावलेला नाही. चालते ते सरसकट उपटून काढणे आम्हाला पटत नाही; शिवाय स्पीकर चालवणारी जोडी बदलायची तर दोन्ही जुळते शोधावे लागतात. जर्मेनियमच्या पायांना सोल्डरिंगची झळही सोसत नाही, म्हणून काम करताना पाय चिमट्यात धरावा लागतो. फुगलेले दोन कपॅसिटर मात्र बदलले.

ओव्यांचे रीळ अजून चढवलेले नाही. आधी एक निरुपयोगी टेप रोज तासभर चालवून पाहत आहोत. यंत्राने ती ओढली नाही, कुरतडली नाही, तर पुढच्या शनिवारी आजींचे रीळ लावू, आणि पहिल्याच फेरीत त्याची नक्कल संगणकावर उतरवून घेऊ.