संगणक बुद्धिबळातील वेळेचे नियोजन

स्पर्धात्मक बुद्धिबळात घड्याळातील वेळ संपली की, पटावरील स्थिती कितीही अनुकूल असली तरी, सामान्यतः डाव हातचा जातो. हा नियम संगणकालाही लागू असल्यामुळे कोणत्या खेळीवर किती वेळ खर्चावा हे आज्ञावलीला स्वतःच ठरवावे लागते.

संगणक विचार टप्प्याटप्प्याने करतो. आधी एक खेळी पुढपर्यंतचा शोध, मग दोन, मग तीन, अशी तो खोली वाढवत नेतो. त्यामुळे विचार मध्येच थांबवला तरी आधीच्या टप्प्यातील सर्वोत्तम खेळी हाताशी असते. मात्र पुढचा टप्पा सहसा मागच्यापेक्षा अधिक वेळ खातो. म्हणून ठरवलेली वेळ संपत आली असता नवा टप्पा आरंभणे बहुधा व्यर्थ ठरते.

सर्वांत सोपे गणित भागाकाराचे. ४० खेळ्यांसाठी २ तास असतील, तर प्रत्येक खेळीच्या वाट्याला सरासरी ३ मिनिटे येतात. पण एकच खेळी शक्य असताना ३ मिनिटे विचार करणे ही निव्वळ उधळपट्टी होय. वाचवलेला वेळ बिकट प्रसंगी उपयोगी पडतो.

असा प्रसंग ओळखायचा कसा, याचे उत्तर आयबीएमच्या 'डीप ब्लू' या संगणकात पाहावयास मिळते. त्यात दोन मर्यादा होत्या. पहिली वरील भागाकारातून येणारी. दुसरी आणीबाणीची, उरलेल्या वेळेच्या सुमारे एक तृतीयांश. निवडलेल्या खेळीचे मूल्यांकन एकाएकी घसरले, तर संगणक पहिली मर्यादा ओलांडून विचार करीत राही.

मे १९९७ मध्ये न्यू यॉर्क येथे गॅरी कास्पारोव्हविरुद्धच्या दुसऱ्या डावात, ३६व्या खेळीला, नेमके हेच घडले. वजीर आत घुसवून प्यादी टिपण्याचा मोह टाळून डीप ब्लूने प्याद्याने प्यादे मारले आणि प्रतिहल्ल्याच्या वाटा बंद करण्याकडे मोर्चा वळवला. अशी निवड यंत्राची असणे कास्पारोव्हला पटेना. त्याने मानवी हस्तक्षेपाचा संशय व्यक्त केला. पुढे प्रसिद्ध झालेल्या नोंदींनुसार वजिराची खेळीच यंत्राची पहिली पसंती होती. तिचे मूल्यांकन घसरत गेल्याने त्याने जादा वेळ घेऊन पर्याय शोधला. संशयाचे मूळ ठरलेल्या या खेळीमागे वेळेचा एक साधा नियम होता.

'स्टॉकफिश'सारख्या आजच्या आज्ञावल्या पसंतीची खेळी टप्प्यागणिक बदलते की स्थिर राहते, हेही पाहतात. स्थिर असल्यास विचार लवकर आटोपतात. प्रतिस्पर्ध्याच्या वेळेतही विचार चालू ठेवण्याची सोय अनेक आज्ञावल्यांत असते. शिवाय खेळी घड्याळापर्यंत पोहोचण्यातील विलंबासाठी थोडा वेळ राखून ठेवावा लागतो.