कर्नलचे कुलूप आणि अडकलेला बोर्ड

नेवासे तालुक्यातल्या घोडेगावात कोणी ठिबकचा पंप रास्पबेरी पायसारख्या छोट्या बोर्डावर चालवत असेल आणि कर्नल अद्ययावत केल्यावर बोर्ड सुरूच झाला नाही, तर दोष यंत्राचाच असेल असे नाही; कर्नलचे संरक्षणही आड येत असेल.

कर्नल हा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. घुसखोराने त्यात स्वतःचा कोड पेरू नये म्हणून मेमरीचे भाग वेगळे करतात: कोड असलेल्या भागात लिहिता येत नाही, डेटा असलेल्या भागातून कोड चालवता येत नाही. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने 2003 मध्ये हे तत्त्व आधी साध्या प्रोग्रॅमांसाठी आणले. पुढे कर्नललाही ते लागू झाले.

अडचण जुन्या सवयींची. एखादा ड्रायव्हर सुरुवातीलाच कोडच्या जागेत लिहायला गेला, की प्रोसेसर त्याला अडवतो. पडदा तोवर जागा झालेला नसतो, म्हणून त्रुटीचा संदेश दिसतच नाही. शिवाय 32-बिट एआरएम प्रोसेसरवर मेमरीचे हे भाग सहसा 1 एमबीच्या सीमेवर आखावे लागतात. त्यात मधली जागा वाया जाते आणि थोड्या मेमरीत तेही जड जाते.

उपाय: सिरियल केबल जोडून संदेश वाचा, चाचणीपुरते संरक्षण बंद करून पाहा आणि कारण शोधून दुरुस्त केल्यावर ते संरक्षण पुन्हा सुरू करा. अद्ययावत करण्यापूर्वी जुन्या कर्नलची प्रत मेमरी कार्डावर जरूर ठेवा.