पुनरावृत्त प्रयोगांचे मध्यमान आणि प्रमाण विचलन : पापनाशमच्या भातशेतीच्या निमित्ताने

साहित्याच्या तौलनिक अभ्यासात मोजणीचा वापर आता नवा राहिलेला नाही. उडनी यूल या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १९३९ मध्ये वाक्याची लांबी हे शैलीचे लक्षण मानून विवाद्य कर्तृत्वाच्या प्रश्नावर निबंध लिहिला. त्यानंतर अशा मोजण्या अनेक भाषांत झाल्या. अनेक संहितांवर स्वतंत्रपणे केलेल्या मोजण्यांची फलिते एकत्र कशी करावीत, हा प्रश्न मात्र बहुधा दुर्लक्षित राहतो. या प्रश्नाचा पद्धतशीर विचार शेतीच्या प्रयोगांत झाला. म्हणून येथेही तो शेताच्या बांधावरूनच समजून घेणे सोयीचे आहे.

तंजावर आणि कुंभकोणम् यांच्या दरम्यान असलेले पापनाशम हे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील तालुक्याचे गाव. तेथील पालैवननाथ मंदिराच्या आवारात नायक राजवटीत बांधलेले विटांचे प्रचंड धान्यकोठार आहे. भात हाच या भूमीचा आधार असल्याची ती साक्ष होय. जूनपासून सप्टेंबरपर्यंतच्या ‘कुरुवै’ हंगामाचे यश १९३४ मध्ये पूर्ण झालेल्या मेट्टूर धरणातून पाणी वेळेवर सुटण्यावर अवलंबून असते. त्यासाठी १२ जून हा दिवस रूढ आहे.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. पाणी उशिरा आलेल्या एका वर्षी पापनाशमच्या परिसरात कुरुवै भाताच्या १० समान आकाराच्या तुकड्यांची कापणी केली. दर तुकड्याचे सरासरी उत्पन्न, म्हणजे मध्यमान, ९ किलो आणि प्रमाण विचलन १ किलो आले. पाणी वेळेवर आलेल्या पुढील वर्षी ३० तुकडे कापले. मध्यमान १३ किलो आणि प्रमाण विचलन पुन्हा १ किलो. दोन्ही वर्षे मिळून काय म्हणावे?

मध्यमानाचे उत्तर तुलनेने सरळ आहे. प्रत्येक मध्यमानाला तुकड्यांच्या संख्येने गुणून बेरीज करावी व एकूण संख्येने भागावे : ९० आणि ३९० मिळून ४८०, भागिले ४०, म्हणजे १२ किलो. हे भारित मध्यमान होय. ९ आणि १३ यांची साधी सरासरी ११ येते. तिच्यात १० तुकड्यांना ३० तुकड्यांइतकेच वजन मिळते.

प्रमाण विचलनाच्या बाबतीत मात्र चूक सहज होते. दोन्ही वर्षांचे विचलन १ असल्यामुळे एकत्रित विचलनही १ असावे, असे वाटते. परंतु विचलनांची बेरीज वा सरासरी घ्यावयाची नसते. घ्यावयाची ती वर्गांची बेरीज. ती दोन भागांत मिळते. पहिला भाग वर्षांतर्गत : प्रत्येक वर्षासाठी तुकड्यांच्या संख्येतून एक वजा करून विचलनाच्या वर्गाने गुणले असता ९ आणि २९, एकूण ३८. दुसरा भाग वर्षांच्या दरम्यानचा : प्रत्येक वर्षाचे मध्यमान १२ पासून किती दूर आहे त्याचा वर्ग, गुणिले तुकड्यांची संख्या. पहिल्या वर्षाचे ९० आणि दुसऱ्याचे ३०, एकूण १२०. दोन्ही भाग मिळून १५८. त्यास ३९ ने भागून वर्गमूळ काढले की सुमारे २.०१ किलो हे एकत्रित प्रमाण विचलन येते. १५८ पैकी १२०, म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश विषमता, तुकड्यातुकड्यांतील नसून वर्षावर्षातील आहे. विचलनांची सरासरी घेणाऱ्याच्या हातून नेमकी हीच निसटते.

मग खरे उत्तर कोणते? ते प्रश्नावर अवलंबून आहे. एकाच हंगामात तुकडे परस्परांहून किती भिन्न असतात, असे विचारल्यास १. कापलेल्या चाळीस तुकड्यांचे वर्णन हवे असल्यास मध्यमान १२ आणि विचलन २.०१. पुढील एखाद्या वर्षाविषयी बोलावयाचे असेल, तर आपणाजवळ चाळीस नव्हे, दोनच निरीक्षणे आहेत : ९ आणि १३. येथे साधे ११ हेच योग्य मध्यमान ठरते. चाळीसच्या हिशेबाने मध्यमानाची प्रमाण त्रुटी सुमारे ०.३२ किलो दिसते. दोनच्या हिशेबाने ती २ किलो होते. संख्या वाढवून मिळवलेला आत्मविश्वास किती फसवा असू शकतो, हे या अंतरावरून कळते. फ्रँक येट्स आणि विल्यम कॉक्रन यांनी १९३८ मध्ये प्रयोगसमूहांच्या विश्लेषणावरील निबंधात हाच विवेक शिकवला. भारतात वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांच्या १९५४ च्या ग्रंथाने शेतीसंशोधकांना संख्याशास्त्रीय पद्धतींची शिस्त लावली.

सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ मध्ये जन्मलेल्या सुखात्मे यांचे आणखी एक प्रतिपादन येथे महत्त्वाचे आहे. फार लहान तुकडे कापले असता सीमेवरील रोपे आत धरली जातात व उत्पन्न वास्तवाहून अधिक दिसते, असे त्यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिले. असा दोष प्रत्येक प्रयोगात एकाच दिशेने घडत असल्यामुळे कितीही प्रयोग एकत्र केले तरी तो नाहीसा होत नाही. उलट त्रुटी कमी झाल्याचा भास होऊन तो अधिक विश्वसनीय वाटू लागतो.

तौलनिक अभ्यासकाला या हिशेबाचे प्रयोजन तंजावरातच सापडते. शहाजीराजांच्या नावावरील ‘पंचभाषाविलास’ नाटकात पाच भाषा एकत्र नांदतात. त्यातील सर्व संवादांच्या लांबीचे एकच मध्यमान काढले, तर ते कोणत्याच भाषेचे नसण्याचा संभव आहे. तंजावरच्या नाटकांची मोजणी करताना शंभर संवाद एकाच नाटकातून घेतले, तरी नाटक एकच राहते. संपूर्ण परंपरेविषयी विधान करण्यास ती शंभर निरीक्षणे होत नाहीत. नकलाकाराने भर घातलेली हस्तलिखिते मोजली, तर ती भर प्रत्येक मोजणीत सीमेवरच्या रोपांसारखी शिरते.

अंतर्गत विषमता आणि दरम्यानची विषमता यांपैकी पहिली एका संहितेचा स्वभाव सांगते. दुसरी संहितांमधील, भाषांमधील, काळांमधील अंतर सांगते. हे अंतर हाच तौलनिक साहित्याचा अभ्यासविषय आहे. म्हणून फलिते एकत्र करताना प्रत्येक संहितेचे मध्यमान, विचलन आणि निरीक्षणसंख्या ही तिन्ही स्वतंत्रपणे नोंदवावीत. त्यांवरून एकत्रित आकडा केव्हाही काढता येतो; केवळ एकत्रित आकड्यावरून मात्र मूळ भेद पुन्हा मिळविता येत नाहीत.