जुने मराठी लेखन नव्या लॅपटॉपवर
वारजे येथील आमच्या घरी वडिलांच्या आठवणींची २००३ सालची फाईल नव्या लॅपटॉपवर उघडली, तेव्हा मराठीऐवजी रोमन अक्षरांचा निरर्थक गुंता दिसला. फाईल मात्र बिघडलेली नव्हती. पूर्वीचे अनेक फाँट रोमन अक्षरांच्याच संकेतांकांवर देवनागरी आकार बसवीत. तो फाँट नसला की खालची रोमन अक्षरे उघडी पडतात. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोडमध्ये 'क'चा संकेतांक ०९१५ हा सर्वत्र एकच असतो. म्हणून प्रथम फाईलची प्रत काढावी. फाँटचे नाव टिपून तो लॅपटॉपवर बसवावा व नंतर त्याच फाँटसाठी असलेल्या कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणावा. रफार व जोडाक्षरे मुळाशी ताडून पाहावीत. मूळ फाईल पुसू नये. आम्हांस वडिलांचे शब्द असेच परत मिळाले.